घमेल्यातील चिंच : बोनसायच्या कुंडीचा इतिहास

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या धर्मग्रामाच्या सणानिमित्त फुलांचे, फळांचे आणि कुंडीतील रोपांचे एक लहानसे प्रदर्शन भरविण्यात आले होते. परीक्षक तिघे होते व त्यांपैकी एक मी होतो. बोनसायच्या टेबलावर आठ झाडे मांडलेली होती. सात झाडांच्या कुंड्या निळ्या-हिरव्या झिलईच्या, बाजारातून मुद्दाम आणलेल्या होत्या. आठवे झाड एका गवंड्याच्या पत्नीने आणले होते. ती बारा वर्षांची चिंच होती. उंची जेमतेम दीड फूट, पण बुंधा मनगटाएवढा, आणि पानांचा विस्तार असा की दुरून पाहणाऱ्यास माळावरील जुने झाड भासावे. ही चिंच नवऱ्याच्या कामातून बाद झालेल्या लोखंडी घमेल्यात लावलेली होती. घमेल्याच्या काठाला वाळलेले सिमेंट तसेच चिकटलेले होते.

झाडाविषयी आम्हा तिघांचे एकमत होते. तसे झाड टेबलावर दुसरे नव्हते. परंतु गुणपत्रिकेत 'कुंडी' असा एक रकाना होता आणि त्यात मी दहापैकी दोन गुण लिहिले. त्यामुळे चिंच चौथी आली. बक्षिसे तीनच होती. समारंभ संपल्यावर त्या बाई माझ्याजवळ आल्या. तक्रारीचा सूर मुळीच नव्हता. त्यांनी एवढेच विचारले, "फादर, घमेल्यात काय चुकलं?"

"शोभत नाही," यापलीकडे मला उत्तर देता आले नाही. माझे उत्तर मलाच पटले नव्हते. त्यानंतर सवड मिळेल तसा या कलेचा इतिहास मी वाचत गेलो. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर होय.

नावातच भांडे

'बोनसाय' या जपानी शब्दाचे दोन भाग आहेत. 'बोन' म्हणजे पसरट तबक आणि 'साय' म्हणजे लावणे, लागवड करणे. शब्दात वृक्षाचा उल्लेख नाही, भांड्याचा आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. भांड्यातून काढून जमिनीत लावलेले झाड बोनसाय राहत नाही, ते मुळे पसरून चारचौघांसारखे वाढू लागते. म्हणून भांडे ही येथे सजावटीची वस्तू नसून कलेचे अर्धे अंग आहे. माझ्या गुणपत्रिकेतील रकाना निराधार नव्हता, हेही यावरून दिसते. प्रश्न असा, की त्या रकान्यात नेमके मोजायचे काय?

ही कला मूळची चीनची. तेथे तिला 'पेनजिंग', म्हणजे तबकातील देखावा, असे म्हणतात. तांग घराण्यातील चांगह्वाय या राजपुत्राची कबर इसवी सन 706 मध्ये बांधण्यात आली. 1970 नंतरच्या दशकाच्या प्रारंभी तिचे उत्खनन झाले, तेव्हा भिंतीवरील एका चित्रात हाती तबक घेतलेली सेवक व्यक्ती आढळली. त्या तबकात लहान खडक व इवलीशी झाडे मांडलेली आहेत. तबकात वाढविलेल्या निसर्गाचे हे अतिशय जुने चित्र होय.

चीनमधून ही आवड जपानात गेली. तेथील 1309 सालच्या 'कासुगा गोंगेन गेन्की' या चित्रपटात (हा गुंडाळून ठेवण्याचा लांबलचक कापडी चित्रपट होय) एका संपन्न घराचे अंगण रंगविलेले आहे. अंगणातील बाकावर बुटकी झाडे ठेवलेली दिसतात. घर श्रीमंताचे आहे, तरीही बाकावर मातीच्या भांड्याशेजारी एक लाकडी तबकही आहे. सातशे वर्षांपूर्वीच्या जपानी धनिकाला आपले झाड लाकडी तबकात ठेवण्यात कमीपणा वाटत नव्हता. मला मात्र घमेल्याचा वाटला.

बर्फाच्या रात्रीची कथा

'बोनसाय' हा शब्द रूढ होण्यापूर्वी जपानी लोक अशा झाडांना 'हाची नो की' म्हणत, म्हणजे वाडग्यातील झाड. याच नावाचे एक जुने नो नाटक आहे. सानो त्सुनेयो हा त्याचा नायक. तो एक सामुराई योद्धा असून नातलगांनी जमीन बळकावल्यामुळे दरिद्री झालेला आहे. एका रात्री बर्फ पडत असता एक फिरस्ता भिक्षू त्याच्या झोपडीत आश्रय मागतो. घरात पाहुण्याला शेकायला लाकूड नाही. वैभवाच्या काळातील अनेक झाडांपैकी तीन मात्र त्याने जपून ठेवलेली असतात: एक आलुबुखाराच्या जातीचे 'उमे', एक चेरी आणि एक पाइन. ही तिन्ही तोडून तो शेकोटी पेटवितो. तो भिक्षू म्हणजे राज्यकारभारातून निवृत्त झालेला कारभारी होजो तोकियोरी (1227–1263) असतो. पुढे तो त्सुनेयोला त्याची जमीन परत मिळवून देतो आणि ज्यांच्या नावांत उमे, चेरी व पाइन हे शब्द आहेत अशी तीन गावे इनाम देतो.

कथा इतिहासाच्या कसोटीस कितपत उतरते हा प्रश्न वेगळा, परंतु लोकांच्या मनात काय मोलाचे होते हे ती सांगते. नाटकाच्या नावात वाडगा आहे, पण त्याची किंमत कोणी विचारीत नाही. इनाम मिळते ते झाडांच्या नावाने. रिकामे झालेले तीन वाडगे कोणत्या भट्टीचे होते याची कथेला पर्वा नाही.

मातीच्या बरणीला सोन्याचा भाव

सोळाव्या शतकात मात्र जपानी माणसाची भांड्यांकडे पाहण्याची दृष्टी पार बदलली. सेन नो रिक्यू (1522–1591) या चहागुरूने व त्याच्या पूर्वसूरींनी चहापानाच्या विधीत साधेपणाला मानाचे स्थान दिले. शेतकऱ्याच्या घरातील बियाण्याचे रांजण पाण्याची भांडी म्हणून चहाघरात आले. कोरियातील साधे वाडगे, जे तेथील सामान्य घरगुती वापराचे असावेत असे मानले जाते, 'इदो' या नावाने चहाचे सर्वश्रेष्ठ वाडगे ठरले. त्यांपैकी 'किझाएमोन' नावाचा एक वाडगा आज जपानचा राष्ट्रीय ठेवा म्हणून क्योतोमध्ये जतन केलेला आहे.

याच काळात फिलिपाइन्समधील लुझोन बेटावरून तपकिरी मातीच्या जुन्या बरण्या जपानात जाऊ लागल्या. मनिला येथील स्पॅनिश अधिकारी अंतोनियो दे मोर्गा याने 1609 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात त्यांची हकिकत दिली आहे. बरण्या दिसायला सुंदर नव्हत्या, पण चहा त्यांत उत्तम राहतो म्हणून जपानी लोक त्यांना अवाच्या सवा किंमत देत. सकाई बंदरातील सुकेझाएमोन नावाच्या व्यापाऱ्याने 1594 मध्ये अशा बरण्या सर्वसत्ताधीश हिदेयोशीपुढे ठेवल्या आणि सरदारांत त्या घेण्यासाठी अहमहमिका लागली.

मनिला आणि जपान यांमधील हा सागरी मार्ग वसईकरांस अगदीच परका नाही. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया काही काळ त्या भागात व्यापार करीत होते. पुढे फ्रान्सिस्कन बंधू झाल्यावर 1593 साली ते मनिलाहून दुभाषी म्हणून याच हिदेयोशीच्या भेटीस गेले आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी त्याच्याच आज्ञेने नागासाकी येथे क्रुसावर हुतात्मा झाले. ज्या दरबारात मातीच्या बरणीला सोन्याचा भाव होता, त्या दरबारात माणसाच्या जिवाचा भाव काय होता, हे आपण जाणतोच.

साधेपणाचे कौतुक करणाऱ्यांनी येथे सावध व्हावे. गरिबाचे भांडे श्रीमंताने उचलून धरले की गरीब श्रीमंत होत नाही, फक्त भांडे महाग होते. बोनसायच्या कुंडीच्या बाबतीतही पुढे नेमके हेच घडले.

खोल वाडगा ते उथळ तबक

सतराव्या शतकापासून जपानात दीर्घकाळ शांतता नांदली आणि कुंडीतील झाडांचा शौक सर्व थरांत पसरला. तिसरा शोगून तोकुगावा इएमित्सु (1604–1651) याला या झाडांचे वेड होते. त्याच्या नावाने ओळखला जाणारा एक पाइन आजही तोक्योच्या राजवाड्यातील संग्रहात जिवंत आहे. दुसऱ्या टोकाला, एदो म्हणजे आजच्या तोक्योतील चाळवजा घरांत राहणारे कारागीर व मजूर दारापुढच्या बोळात कुंड्या मांडून फुलझाडे वाढवीत. या काळातील कुंड्या बहुधा खोल असत. मुळांना त्यांत ऐसपैस जागा मिळे.

एकोणिसाव्या शतकात चिनी साहित्य व चित्रकला यांच्या नादी लागलेल्या विद्वानांनी ही आवड नव्या वळणावर नेली. झाड चित्रातल्यासारखे दिसावे म्हणून भांडे उथळ झाले, आणि 'वाडग्यातील झाड' मागे पडून 'बोनसाय' हा शब्द रूढ झाला. चित्राला चौकट हवी तशी झाडाला चिनी कुंडी हवी, असा दंडक पडला. चीनच्या जिआंगसू प्रांतातील यीशिंग येथील बिनझिलईच्या, जांभळट-तपकिरी मातीच्या कुंड्या जहाजांतून येऊ लागल्या. कोणती कुंडी केव्हा समुद्र ओलांडून आली यावरून 'जुनी आलेली', 'मधल्या काळात आलेली' व 'नवी आलेली' अशी त्यांची प्रतवारी झाली. कुंडीच्या तळावरील शिक्का वाचणे हे एक शास्त्रच बनले. काही झाडांपेक्षा त्यांच्या कुंड्या महाग झाल्या.

परंतु रोजची गरज भागवायला चिनी कुंड्या पुरेशा नव्हत्या. ती गरज जपानच्या ज्या गावांनी भागविली त्यांत ऐची प्रांतातील तोकोनामे हे प्रमुख होय. जपानच्या सहा प्राचीन भट्ट्यांत त्याची गणना होते. बाराव्या शतकापासून तेथे मोठमोठे रांजण भाजले जात. मेजी काळात, म्हणजे 1868 नंतर, देशभर गटारे बांधली जाऊ लागली, तेव्हा तोकोनामेच्या कुंभारांनी मातीचे नळ घडविले. आजही त्या गावात एका चढणीच्या रस्त्याची भिंत जुन्या नळांनी रचलेली पाहावयास मिळते. विसाव्या शतकात याच गावाने बोनसायच्या कुंड्यांत नाव कमावले. गटाराचा नळ भाजणारा गाव नाजूक तबके भाजू लागला. पाणी वाहून नेणारी आणि ऊन-पाऊस सोसणारी भाजलेली माती दोन्हीकडे हवी होती.

1 सप्टेंबर 1923 रोजी झालेल्या भीषण भूकंपात तोक्यो उद्ध्वस्त झाले. तेथील बोनसायचे व्यावसायिक स्वच्छ पाणी, हवा व चांगली माती शोधीत उत्तरेकडे गेले आणि 1925 साली ओमिया येथे 'बोनसाय गाव' वसले. तेथे राहू इच्छिणाऱ्याने किमान दहा बोनसाय बाळगावेत, बाग सर्वांना खुली ठेवावी, कुंपण झाडांचे असावे आणि घर दुमजली बांधू नये, असे त्यांनी ठरविले. नियम झाडे किती असावीत हे सांगतात. कुंड्या कोणत्या असाव्यात याविषयी त्यांत अट नाही.

तालमीची कुंडी आणि समारंभाची कुंडी

व्यावसायिकांच्या बागांविषयी वाचताना एक गोष्ट मला नव्याने कळली. प्रदर्शनातील देखण्या कुंडीत झाड जन्मभर राहत नाही. बुंधा जाड व्हावा म्हणून ते आधी वर्षानुवर्षे जमिनीत, लाकडी खोक्यात किंवा साध्या भाजलेल्या मातीच्या कुंडीत वाढविले जाते. अलीकडे पाइनची रोपे भाजी धुण्याच्या प्लास्टिकच्या चाळणीतही वाढवितात. चाळणीच्या भोकांशी पोहोचलेल्या मुळाचे टोक हवेने सुकते आणि मागे नवी बारीक मुळे फुटतात. झाड घडले की मगच त्याला मोलाची कुंडी मिळते, आणि पुष्कळदा तीही केवळ प्रदर्शनापुरती. लग्नात नवरदेव भरजरी पोशाख घालतो, पण तो त्या पोशाखात वाढलेला नसतो.

तज्ज्ञ कुंडीची निवड कशी करतात? लांबट कुंडीची लांबी झाडाच्या उंचीच्या सुमारे दोनतृतीयांश असावी, खोली बुंध्याच्या जाडीइतकी असावी, फुलझाडांस झिलईदार रंगीत कुंडी चालेल, पण राकट बुंध्याच्या झाडास बिनझिलईची, मातकट रंगाची कुंडी अधिक शोभते, असे ढोबळ संकेत आहेत. आता ती चिंच डोळ्यांपुढे आणावी. खडबडीत, भेगाळलेल्या सालीचा बुंधा आणि खाली गंजून तपकिरी झालेले, राकट काठाचे, पसरट घमेले! थोडे खोल होते हे खरे, पण रंग व पोत यांचा मेळ टेबलावरील कोणत्याही निळ्या कुंडीपेक्षा सरस होता. मी मेळ मोजलाच नाही. मी भांड्याची किंमत मोजली, आणि भांड्याच्या किमतीवरून बहुधा भांडे आणणारीचीही. ही चूक कबूल केल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही.

स्वस्त भांड्याची परीक्षा

तर मग कोणतेही भांडे चालेल काय? नाही. स्वस्त भांड्यालाही परीक्षा द्यावी लागते, पण ती बाजारातील नव्हे, पाण्याची.

पहिली कसोटी भोकांची. भांडे जितके उथळ, तितका पाणी तुंबण्याचा धोका अधिक. ओला स्पंज आडवा धरा. पाणी ठिबकणे थांबले की तोच उभा धरा. पुन्हा पाणी गळू लागेल. मातीचेही तसेच आहे. तळाशी ओलाव्याचा जो थर अडकून राहतो त्याची जाडी भांडे खोल असो वा उथळ, सारखीच असते. उथळ भांड्यात हा थर मुळांची बरीचशी जागा व्यापतो. म्हणून पसरट भांड्याला एकाऐवजी तीन-चार मोठी भोके असावीत, त्यांवर जाळीचे तुकडे ठेवावेत आणि मातीत विटांचा चुरा किंवा जाड वाळू सढळ हाताने मिसळावी. वसईच्या किल्ल्यातील पडक्या चर्चच्या भिंतींवर वाढलेले वड-पिंपळ आपण पाहिलेच आहेत. चुन्याच्या फटीत माती मूठभरही नसते, पण तेथे पाणी कधी साचत नाही.

दुसरी कसोटी तोंडाची. दर दोन-तीन वर्षांनी झाड बाहेर काढून मुळे छाटावी लागतात. म्हणून आत वळलेल्या तोंडाचे मडके किंवा गाडगे नको. झाड काढण्यासाठी ते फोडावे लागेल. कुंभाराकडील पसरट परळ मात्र या कामासाठीच घडविल्यासारखे असते. ते भाजण्यापूर्वी भोके पाडून देण्यास कुंभाराला सांगावे. भाजल्यावर पाडताना तडा जातो.

तिसरी कसोटी द्रव्याची. बिनझिलईची माती श्वास घेते, त्यामुळे आपल्या कोकणपट्टीच्या पावसात ती उत्तम, पण वैशाखात दोनदा पाणी मागते. सिमेंटचे तबक घरी ओतता येते, मात्र त्यातील चुनखडीचा अंश उतरावा म्हणून झाड लावण्यापूर्वी ते काही दिवस पाणी बदलीत भिजवून ठेवावे. आंब्याच्या पेटीची फळकुटे एक-दोन पावसाळे टिकतात, तेवढ्यात रोप बाळसे धरते. मासळीची थर्माकोलची पेटी दिसायला ओबडधोबड, पण मुळांना उन्हाची झळ लागू देत नाही. लोखंड चालते, पण तापते. तांबे मात्र टाळावे, ते मुळांना मानवत नाही.

ही यादी करताना माझ्या लक्षात आले की यांतील निम्म्या गोष्टी त्या गवंड्याच्या घरात पुस्तकावाचून ठाऊक असणार. चिंच बारा वर्षे जगली होती, ती काही नशिबाने नव्हे.

गेल्या वर्षीच्या प्रदर्शनापूर्वी आम्ही गुणपत्रिका नव्याने छापली. 'कुंडी' हा रकाना काढून तेथे 'झाड व भांडे यांचा मेळ' असे घातले. छापील कागद घेऊन मी त्या बाईंच्या घरी गेलो, झालेली चूक सांगितली आणि क्षमा मागितली. चिंच ओट्यावर होती. घमेले तेच होते, काठाभोवती ओले गोणपाट गुंडाळलेले. बाईंनी कागद हाती घेतला, क्षणभर पाहिला आणि बाजूला ठेवला.

"गुणांचं राहू द्या, फादर," त्या म्हणाल्या. "औंदा पावसात एका बाजूला पाणी तुंबलं. हे कामावरून आले की आणखी एक भोक पाडून घेते. तेवढं घमेलं धरायला थांबाल का?"

मी थांबलो.